किल्ट भाड्याने घेताना: नवरीच्या मामाचा अनुभव

ज्याची कंबर सीटपेक्षा, म्हणजे नितंबाच्या घेरापेक्षा मोठी, त्याने किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागरा, घालूच नये, असं तो भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या वेबसाइटचं ठाम मत दिसलं. माझी कंबर ४६ इंच, सीट ४४. पोट सुटलेल्या माणसाची मापं अशीच असतात, त्यात नवल ते काय?

भाचीचं लग्न जुलैत, स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसजवळच्या एका हॉटेलात. मुलगा तिथलाच. "मामा, तू पण किल्ट घालायचास हं, सूट चालणार नाही," असं तिने आधीच बजावलं होतं. चांगल्या किल्टला आठ यार्ड लोकरी कापड लागतं, विकत घेणं काही खायचं काम नाही. तिथलेही कितीतरी लोक लग्नापुरता भाड्यानेच आणतात. व्हिसा वेळेत आला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. भाचीचं पत्र आणि हॉटेलचं बुकिंग जोडलं होतं. प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

खरी परीक्षा मापाच्या फॉर्मची. किल्टची कंबर म्हणजे पँटची कंबर नव्हे. तो बेंबीच्या रेषेत बसतो आणि तिथून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत येतो. म्हणून मी आमच्या नेहमीच्या टेलरकडे जाऊन टेप लावून घेतली. आकडे भरले तर लाल अक्षरात 'माप तपासा', आणि फॉर्म पुढेच जाईना. ईमेल केला. आपोआप उत्तर आलं, दोन कामकाजाच्या दिवसांत कळवू. कळवलं काय, तर माप कसं घ्यायचं याचा व्हिडिओ! टेलरने वैतागत पुन्हा मोजलं. ४६ ते ४६च.

मग फोन. उन्हाळ्यात आपलं घड्याळ त्यांच्या साडेचार तास पुढे, म्हणजे दुकान नऊला उघडतं तेव्हा आपल्याकडे दीड वाजलेला. ताट झाकून ठेवायचं आणि फोन धरून बसायचं. पलीकडचा मुलगा अतिशय नम्रपणे विचारणार, "सर, नक्की ४६?" आयुष्य बँकेत लोकांचे फॉर्म तपासण्यात गेलं, आणि हा पोरगा मला आकडे विचारतोय. शेवटी एकदा एका बाईंनी फोन उचलला. म्हणाल्या, सीटच्या रकान्यातही ४६ टाका आणि खरं माप खाली शेऱ्यात लिहा. फॉर्म सुर्रकन गेला. हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?

पण थांबा. लग्न शनिवारी, गुरुवारी दुकानात गेलो, तर माझ्या नावाच्या पिशवीतला किल्ट ४२ चा. कोणीतरी शहाण्याने माझं माप 'दुरुस्त' केलं होतं! किल्टच्या पट्ट्या-बकलांनी इंच-दोन इंच इकडेतिकडे होतं, चार इंच नाही. नवरीकडच्या सगळ्यांसाठी गडद निळा-हिरवा 'ब्लॅक वॉच' टार्टन (चौकटींचं कापड) ठरला होता, त्यात माझ्या मापाचा शिल्लक नाही. मिळाला तो 'आइल ऑफ स्काय' नावाचा टार्टन, जांभळट हिरवा. फोटोत मी एकटा वेगळा दिसतो. ही मात्र खूश. "अहो, माझ्या पैठणीला मॅच झालात." तिला ना माप द्यावं लागलं, ना फॉर्म.

तेव्हा पोशाख दोन दिवस आधी घ्या आणि जॅकेटपासून बुटांपर्यंत सगळं तिथेच घालून बघा. चुण्या मागे, झालरीची कड उजवीकडे. पिन फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्ही थरांतून घातली तर कापड ओढलं जातं. बसताना चुण्या हाताने खाली सारख्या करायच्या. मोज्यात खोचायची छोटी सुरी भाड्याच्या पोशाखात बहुधा खोटीच असते, पण खरी असेल तर विमानात हँडबॅगेत नको.

लग्न सुरेख झालं. बॅगपाइप वाजले, दोघांचे हात टार्टनच्या पट्टीने बांधले, दोन कानांच्या वाटीतून दोघांनी व्हिस्कीचा घोट घेतला. तिथे परवानगी लग्न लावणाऱ्याला लागते, जागेला नाही, म्हणून हिरवळीवर लागलेलं लग्नही कायदेशीर. नवरीला मांडवात आणायचं मामाचं काम तिथे वडिलांकडे, त्यामुळे मी नुसता पोट आत घेऊन उभा.

हॅगिस या तिथल्या खास पदार्थात मेंढीचं काळीज, यकृत, फुप्फुसं असतात. डाळी-ओट्सचं शाकाहारी हॅगिसही मिळतं, पण आधी सांगून ठेवा. आणि संध्याकाळी बाहेर थांबणार असाल तर गुडघ्यांना मिजेस पळवायचं औषध चोळा. चिलटांएवढ्या माश्या, पण उघडे गुडघे सोडत नाहीत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जेवणानंतर 'केली', म्हणजे स्कॉटिश लोकनाच, होतात. पावलं आधी समजावून सांगतात, तरी 'स्ट्रिप द विलो' हा गरगर फिरायचा नाच भरल्या पोटी करू नका.

पोशाख परत करायचं काम बेस्ट मॅनने, म्हणजे नवऱ्या मुलाच्या खास मित्राने, सगळ्यांचं एकत्र केलं. त्याआधी प्रत्येक वस्तू पलंगावर मांडून मी फोटो काढला. तरी मोज्यांना लावायच्या रंगीत पट्ट्यांपैकी एक कमी आहे म्हणून अनामतीतून पाच पाउंड कापले. फोटोत दोन्ही स्वच्छ दिसतात. फोटो पाठवलाय.