टोस्टर कुठल्या कपाटात आहे

तो पहिल्यांदा आमच्या युथ सेंटरमध्ये आला, तेव्हा कुणाला काही न विचारता सरळ किचनमध्ये गेला, सिंकच्या डावीकडचं खालचं कपाट उघडलं आणि टोस्टर बाहेर काढला. मी बघतच राहिले. त्या मुलाला मी आधी कधी पाहिलं नव्हतं. अकाउंटचं नाव सांगितल्यावर उलगडा झाला. आमच्या इन्स्टाग्राम स्टोऱ्या बघणाऱ्यांच्या यादीत ते नाव आठ महिने रोज असायचं. एक लाइक नाही की मेसेज नाही, नुसता बघून जायचा. दर गुरुवारी चीज टोस्ट करतानाचे व्हिडिओ आम्ही टाकायचो, त्यातून त्याला कपाट पाठ झालं होतं. वय वर्षं 14.

मी मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीट-वेरिबी भागात युथ वर्कर आहे. सांगलीला फोनवर हे सांगताना अजून अडखळते, कारण आपल्याकडे या कामाला चटकन समजेल असा शब्द नाही. शिक्षिका म्हणावं तर तसं नाही, समुपदेशक म्हणावं तर तेही पुरतं बसत नाही. शाळा सुटली की मुलं येतात, टेबल टेनिस खेळतात, खातात, नुसती बसून राहतात आणि त्या बसण्यात कधीतरी बोलून जातात. ते ऐकायला कुणीतरी मोठं माणूस तिथे असावं, एवढ्यासाठी मी असते. पंजाबी, तेलुगू, मराठी, फिलिपिनो, दक्षिण सुदानी अशी सगळी घरं इथे शेजारी शेजारी आहेत आणि बऱ्याच घरांतले आईवडील संध्याकाळी कामावर असतात.

फोनवरून मुलांशी बोलायचे आमचे नियम कडक आहेत. माझ्या खासगी अकाउंटवरून एक अक्षरही नाही. सेंटरच्या अकाउंटचा पासवर्ड दोघांकडे, म्हणजे प्रत्येक संवाद दुसऱ्याला दिसतो. आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद. मुलांना उलट फॉलो करायचं नाही. आणि सेंटर बंद झालं की उत्तर द्यायचं नाही. तेव्हा आपोआप जाणाऱ्या निरोपात किड्स हेल्पलाइनचा 1800 55 1800 हा नंबर असतो. 5 ते 25 वयाच्या कुणालाही तो रात्रंदिवस मोफत आहे. जिवावर बेतलं असेल तर 000, म्हणजे इथला आणीबाणीचा नंबर.

हा शेवटचा नियम मला सुरुवातीला फार जड गेला. एका सतरा वर्षांच्या मुलीने रात्री पावणेबाराला विचारलं होतं, ‘तिकडे बॅट मिळते की घरून आणायची?’ टेबल टेनिसच्या बॅटसाठी रात्री पावणेबाराला कुणी जागं नसतं. मी तो मेसेज सकाळी वाचला आणि पोटात गोळा आला. उत्तर मात्र साधंच पाठवलं: बॅट आहे, मी चारपासून इथेच आहे, ये. ती आली, दोन दिवस नुसती खेळली, तिसऱ्या दिवशी बोलली. आज मला तो नियम पटतो. एकदा मध्यरात्री उत्तर दिलं की पुढच्या वेळी, मी गाढ झोपेत असताना, ते पोर माझीच वाट बघत बसणार.

दुसरी कसोटी आपल्याच माणसांत लागते. गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एक वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई, तुमच्या सेंटरला फॉलो करतो ना आमचा? जरा बघून सांगा ना, काय काय टाकतो ते.” त्यांची काळजी खरी होती, हात गार पडले होते. मी म्हटलं, “वहिनी, त्याच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही. बाकीचं त्यालाच विचारा, तो सांगेल.” त्या थोड्या दुखावल्या. पण मी एकदा जरी सांगितलं असतं, तरी टार्नीटमधलं एकही मराठी पोर पुन्हा माझ्यासमोर तोंड उघडणार नव्हतं.

मग 10 डिसेंबर 2025 उजाडला. ऑस्ट्रेलियात 16 वर्षांखालच्यांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा ठिकाणी अकाउंट ठेवायला बंदी आली. आईवडिलांची परवानगी असली तरी चालत नाही. शिक्षा मुलांना किंवा पालकांना नाही. कंपन्यांना 4 कोटी 95 लाख डॉलरपर्यंत दंड आहे. या कायद्यामागची भीती मला समजते. त्या पडद्यांवरून पोरांच्या वाट्याला काय काय येतं, ते त्यांच्याच तोंडून ऐकलंय मी. तरी जीव तुटतो तो न बोलता बघून जाणाऱ्यांसाठी. आत यायचं धाडस होईपर्यंत ती मुलं बाहेरून आत डोकावत होती, आणि ती खिडकी नेमकी उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर बंद झाली. व्हॉट्सॲप बंदीत नाही, पण तिथे बोलायचं तर आधी नंबर द्यावा लागतो. अनोळखी माणसाला नंबर देणारं पोर मुळात लाजरं नसतंच.

टोस्टरवाला आता 15 वर्षांचा आहे, त्याचंही अकाउंट गेलं. त्याने कागदावर आमच्या किचनचं चित्र काढलं, कपाटाला बाण दाखवला आणि खाली पत्ता-वेळेच्या फाडून न्यायच्या पट्ट्या कापल्या. बास्केटबॉल कोर्टाच्या कुंपणावर तो कागद आम्ही सोमवारी लावला. गुरुवारी जाता जाता पाहिलं, तर चार पट्ट्या गेल्या होत्या.