वेतोबा तुमका कोण लागता?

मांडवी एक्सप्रेसमधून कुडाळला उतरेपर्यंत माझा प्रश्न घासूनपुसून तयार होता. 'आपल्या देशाबद्दल तुम्हाला काय वाटतं?' फोनमध्ये रेकॉर्डर होता आणि डोक्यात ऑपेरा. राजाराणीचा, भरजरी झग्यांचा नव्हे. साध्या माणसांचं बोलणं टेप करून त्यातूनच रचतात तसला. मालवणी बोलण्यात आधीच इतकं गाणं आहे की इथे तो हमखास जमणार, असा माझा होरा होता.

प्रश्न वेंगुर्ल्याच्या बाजारातच आपटला. ओले काजू विकणाऱ्या काकांना विचारला, तर ते मांडीवरचं पोतं बाजूला सारून ताठ बसले आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "आपला देश महान आहे." पुढची सगळी वाक्यं पंधरा ऑगस्टच्या भाषणासारखी, एकाच पट्टीत. मगाशी गिऱ्हाइकाशी भाव करताना याच गळ्यातून काय काय चढउतार निघत होते! पुढे एका पारावरच्या आजोबांनी कानामागे हात धरून विचारलं, "देशार? देशार आमचो कोण नाय गो. एक भयण कोल्हापुराक दिली, तितकीच." कोकणात देश म्हणजे घाटावरचा मुलूख! कोकणस्थ-देशस्थ हे शब्द जन्मभर ऐकूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रात्री खोलीवर बांगडा-भात जेवताना 'द केव्ह' आठवला. स्टीव्ह राइश हा संगीतकार आणि बेरिल कोरॉट ही व्हिडिओ कलावंत, या अमेरिकन नवराबायकोचा १९९३ चा ऑपेरा. वेस्ट बँकमधल्या हेब्रॉन शहरातली एक गुहा ही अब्राहमची समाधी मानतात, आणि ज्यू व मुसलमान दोघेही त्याला आपला पूर्वज म्हणतात. या दोघांनी आधी इस्रायली, मग पॅलेस्टिनी आणि शेवटी अमेरिकन माणसांसमोर कॅमेरा धरला आणि विचारलं, 'तुमच्या लेखी अब्राहम कोण?' मग त्याच्या घरच्यांबद्दल तेच: सारा कोण, हागर कोण, इश्माएल कोण, इसाक कोण? बस्स. जमिनीबद्दल, सरहद्दीबद्दल थेट प्रश्न नाही. तरी उत्तरांत सगळं येतं, आणि माणसं ज्या सुरात बोलली तोच सूर वाद्यं उचलतात. बोलण्यातला सूर टिपायचं वेड जुनंच. चेक संगीतकार यानाचेक लोकांच्या बोलण्याच्या चाली वहीत उतरवत असे, आपली मुलगी मरणपंथाला लागली तेव्हाही. हे वाचल्यापासून मला तो माणूस थोर वाटावा की भीतिदायक, ते ठरत नाही.

सकाळी एसटीने आरवलीला गेले. वेंगुर्ला-शिरोडा रस्त्यावरचं हे गाव वेतोबाचं. उंचापुरा, राखणदार देव. रात्री गावाभोवती फेरी मारतो म्हणून त्याच्या वाहणा झिजतात, असा समज; त्यामुळे नवस फेडायला लोक भल्याथोरल्या चामडी चपला आणि केळ्यांचे घड आणतात. देवळात त्या चपला पाहिल्या आणि प्रश्न आपोआप बदलला.

"आजी, वेतोबा तुमका कोण लागता?"

दारातली म्हातारी हसली. "कोण म्हंजे? बापूस लागता!" 'बापूस'वर आवाज टिपेला गेला आणि 'लागता'वर पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला. मग ती थांबेचना. थोरला झील दुबईत, त्याच्या व्हिसासाठी घड बोलली होती. धाकटा मुंबईला. सून गणपतीला येते, पण हल्ली तीनच दिवस. "आता हय कोण रवता? आमी म्हातारी माणसां आणि तो. तो रवलो म्हणान आमी रवलंव." नोकऱ्या, स्थलांतर, ओस पडलेली घरं: ज्याच्यासाठी मी तो घासूनपुसून प्रश्न आणला होता, ते सगळं चपलांच्या निमित्ताने बाहेर आलं.

दुपारी दशावतारात पेटी वाजवणाऱ्या एका गृहस्थांना ते ऐकवलं. दशावताराला लिखित संहिता नसते. कथानक ठरतं, संवाद रंगमंचावरच सुचतात. त्यामुळे बोलण्याच्या पाठीमागे पेटी धरायची त्यांना सवय. दोनदा ऐकून त्यांनी 'बापूस लागता' जसंच्या तसं वाजवलं. वर म्हणाले, "आणि मागसून गाऱ्हाण्यासारख्या 'व्हय महाराजा' होया!" खरंच की. एक जण देवापुढे सगळ्यांचं दुखणं मांडतो आणि जमलेले एका सुरात होकार भरतात. कोरस आणखी वेगळा काय असतो?

संध्याकाळी परत आजीकडे गेले. कारण सकाळी निघताना तिने विचारलं होतं, "माझो आवाज खय व्हरतलंस?" न ऐकवता तो घेऊन जायचं मला जड वाटत होतं. फोन कानाशी धरून तिने ऐकलं. "ह्यां मी?" मग, "परत लाय." तिसऱ्यांदा ती स्वतःच्याच आवाजाला "व्हय, व्हय" म्हणत मान डोलवू लागली.

"बरा आसा," ती म्हणाली. "पण ती मदीच खोकलंय, ता काढून टाक हां बाय."

लंडनच्या नॅशनल थिएटरात २०११ मध्ये 'लंडन रोड' हे संगीतनाटक आलं. इप्सविच गावात २००६ साली पाच स्त्रियांचे खून झाले. खुनी ज्या रस्त्यावर राहत होता, तिथल्या रहिवाशांच्या मुलाखती अलेकी ब्लाइदने घेतल्या आणि अ‍ॅडम कॉर्कने त्यांना संगीत दिलं. त्यात माणसांचं अडखळणं, 'अं', 'म्हणजे', सगळं स्वरांत बांधलंय. काही गाळलेलं नाही. ते सारखं ऐकल्यामुळे माझा कान त्याच बाजूचा झाला आहे. आणि आजीचा खोकला नेमका 'धाकटो मुंबयक' आणि 'येणा नाय' यांच्या मध्ये आहे.

"काढतंय," मी म्हटलं, माझ्या मोडक्या मालवणीत.

घरी येऊन पंधरवडा झाला. ती फाईल रोज उघडते. खोकला अजून तिथेच आहे.