केशरी टोपण

३ एप्रिल म्हणजे आर्मी मेडिकल कोअरचा वाढदिवस. १९४३ साली याच तारखेला कोअर उभी राहिली. फौजेत असताना या दिवशी बडा खाना असायचा. आता मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी, माजी सैनिकांच्या दवाखान्यात नर्सिंग असिस्टंट आहे. इथं कुठला बडा खाना! दुपारी एक वाजला की पेन्शनर मंडळी उन्हाच्या धाकानं एसटी गाठतात आणि पंख्याखाली आम्ही आठ जण उरतो. म्हणून यंदा मी चिठ्ठ्यांचा खेळ काढला. डबा फिरवायचा, चिठ्ठी उचलायची, उत्तर द्यायचं. सगळ्यात जास्त चुकेल त्यानं सगळ्यांना मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा द्यायचा.

चौकीदारानं सापाची चिठ्ठी उचलली आणि धडाधड सांगितलं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर एकच प्रतिविष. लहान पोराला डोस कमी द्यायचा का, तर नाही, साप विष काही वय बघून सोडत नाही. आमच्या डॉक्टर मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मग हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याची चिठ्ठी निघाली. आमची नवी सिस्टर म्हणाली, ‘‘तीस वेळा दाबायचं, दोन श्वास.’’ मी रुबाबात म्हणालो, ‘‘चूक. पंधराला दोन.’’ लखनौला ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलेलं उत्तर होतं माझं. मॅडम हसायला लागल्या. ‘‘हवालदारसाहेब, ते २००५ सालीच बदललं.’’ परीक्षकच नापास! ड्रायव्हरनं तिथल्या तिथं सुशीलाची ऑर्डर माझ्या नावावर लिहिली.

पुढची चिठ्ठी फार्मासिस्टच्या वाट्याला आली. मीच लिहिलेली: लाल टोपणाची सिरिंज कुठली, केशरी टोपणाची कुठली? त्याला हे पाठच. आपल्याकडची इन्सुलिनची बाटली बहुतेक वेळा चाळीसची, म्हणजे एका मिलीत चाळीस युनिट. तिला लाल टोपण. केशरी शंभरच्या इन्सुलिनसाठी. चाळीसचं औषध केशरी सिरिंजमध्ये वीसच्या रेषेपर्यंत ओढलं तर पोटात जातं आठच युनिट.

गुण लिहायला मी पेन उचललं, तेवढ्यात दारात बसलेल्या अटेंडंट मावशी म्हणाल्या, ‘‘आपल्या त्या सुभेदारीणकाकूच्या पिशवीत तर केशरीच असतंय की.’’

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

या काकू म्हणजे एका वारलेल्या सुभेदारांच्या पत्नी. सहा महिने साखर तीनशेच्या खाली येत नव्हती. मॅडमनी डोस वीसवरून चोवीस, चोवीसवरून तीस केला होता. बाटली आम्ही देत होतो. सिरिंज त्या गावातल्या मेडिकलमधून घेत होत्या आणि ती कुठली, हे आमच्यापैकी कुणी बघितलं नव्हतं. मी मात्र दर खेपेला सुनावत होतो, ‘‘काकू, चहात साखर टाकता ना? लग्नाकार्यात जिलेबी चालते ना?’’ त्या खाली मान घालून ‘नाही’ म्हणायच्या आणि मला ते खोटं वाटायचं. बावीस वर्षं सैनिकांच्या खोट्या पोटदुख्या ओळखल्याचा माज, दुसरं काय.

मॅडम मात्र खुर्चीतून उठल्या. त्यांची भीती वेगळीच होती. तीसच्या रेषेवर काकूंना खरं मिळत होतं बारा युनिट. आज मेडिकलवाल्यानं सहज लाल टोपणाची सिरिंज दिली तर थेट तीस जाईल, अडीचपट. साखर रात्रीतून कोसळेल, तीही एकट्या राहणाऱ्या बाईची.

फोन शेजारच्या पोरानं उचलला. ‘‘आजी रानात गेलीय.’’ मॅडमनी त्याला दोनदा वदवून घेतलं: नवी सिरिंज वापरायची नाही, संध्याकाळी आहे तीच, तीसच्याच रेषेवर, उद्या बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन यायचं. तरी सात वाजता मी पुन्हा फोन केला. काकू स्वतःच बोलल्या, ‘‘जुनीच घेतली बाबा, किती येळा इचारतूस.’’

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या एसटीनं आल्या. पिशवीतून एक छोटं मडकं निघालं, त्यात ओल्या फडक्याच्या घडीत बाटली. घरी फ्रीज नाही, म्हणून उन्हाळाभर अशीच गार ठेवत होत्या. औषध जपण्यात त्यांची काडीची चूक नव्हती. केशरी टोपणाच्या सिरिंज मॅडमनी काढून घेतल्या. सिस्टरनं लाल टोपणाची सिरिंज हातात देऊन बाराची रेष पेनानं ठळक केली आणि स्वतःसमोर एकदा ओढायला लावली. तीन दिवसांनी साखर बघून डोस ठरणार होता.

मी सुशीलाची बशी त्यांच्यापुढं केली आणि म्हणालो, ‘‘काकू, चुकलं आमचं.’’

त्यांनी बशी घेतली, चहा बाजूला सारला. ‘‘कवापासून सांगूलाले, मी गोड खात नाई म्हनून. आता त्या तुमच्या कागदावर लिवा तसं.’’

मॅडमनी केसपेपर पुढं ओढला आणि लिहिलं.