एक फेरी, दोन कट

मी सेलिब्रिटी पॅनेल असलेल्या एका गेम शोचं एडिटिंग करते. दोन-अडीच तासांच्या रेकॉर्डिंगमधून एक छोटा भाग काढायचा, म्हणजे काय खरंच हसवतं आणि काय नुसता गोंगाट आहे, याचा निवाडा रोजच करावा लागतो. पण एकाच फेरीतून दोन निराळे कार्यक्रम निघताना मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिले.

फेरी साधी होती. एका ज्येष्ठ अभिनेत्रीने किस्सा सांगितला: प्रयोग रंगात असताना तिचे बूट सापडेनात, म्हणून ती पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या चपला घालून रंगमंचावर गेली. हे खरं की खोटं, ते समोरच्या तिघांनी ओळखायचं. किस्सा खोटा होता.

दिग्दर्शक म्हणाले, "खोटं आहे हे सुरुवातीलाच पडद्याखालच्या पट्टीवर लिहून दाखवू या. घरी बघणाऱ्याला माहीत, पॅनेलला नाही."

ही जुनी आणि भक्कम युक्ती आहे. सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर 1950 ते 1967 चाललेल्या 'व्हॉट्स माय लाइन?'मध्ये पाहुण्याचा व्यवसाय प्रेक्षकांना आधीच पडद्यावर दिसे, आणि पॅनेल हो-नाहीचे प्रश्न विचारत चाचपडत राही. बक्षीस प्रत्येक 'नाही'ला 5 डॉलर, जास्तीत जास्त 50. एवढ्यासाठी कोणी जीव मुठीत धरून बघत नाही. 1957 साली तिथे प्रसिद्ध चित्रकार साल्वादोर दाली आले आणि डोळे बांधलेल्या पॅनेलच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणत सुटले. दाली आपल्याला समोर दिसतात, म्हणूनच त्या प्रत्येक 'हो'ला हसू फुटतं.

बीबीसीवर 2007 साली सुरू झालेल्या 'वुड आय लाय टू यू?'ने बरोबर उलटा रस्ता धरला. तिथे निकाल लागेपर्यंत प्रेक्षकालाही काही कळत नाही.

मी पट्टीसह आणि पट्टीविना असे दोन्ही कट, म्हणजे संपादित आवृत्त्या, तयार केले. पट्टी असताना माझी नजर अभिनेत्रीवर ठरेचना, ती पॅनेलकडे धावायची. टोकाला बसलेला विनोदी नट छातीठोकपणे सांगत होता, "हे शंभर टक्के खरं आहे, मी रंगभूमीवर वाढलोय." एवढा हुशार माणूस किती ऐटीत फसतोय, यातच सगळी गंमत होती. पट्टी काढली आणि तोच माणूस साक्षीदार झाला. त्याचा अनुभव ऐकून बघणाराही डळमळू लागतो.

मग त्याने विचारलं, "चप्पल सैल होती की घट्ट?"

ती थांबली. "डावी सैल होती."

पट्टीसह पाहिलं तर तो थांबा थाप रचण्याचा. पट्टीविना पाहिलं तर आठवण्याचा. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. तेच दृश्य, तीच बाई, एक फ्रेमही इकडची तिकडे नाही.

रेकॉर्डिंग न पाहिलेल्या सहकाऱ्यांना बोलावून दोन गटांत दोन कट दाखवले. पट्टीवाल्या गटात हशा लवकर पिकला आणि लवकर ओसरलाही. दुसरा गट सुरुवातीला गप्प होता, पण 'डावी सैल'ला जो फुटला तो फुटलाच, आणि निकालाआधीच त्यांच्यात वाद जुंपला. वाद घालणारा प्रेक्षक म्हणजे पॅनेलवरचा चौथा माणूसच की! या प्रकारच्या कार्यक्रमांवर माझा जीव आहे तो यासाठीच. गुण कोणाला किती मिळाले हे कोणाच्या लक्षात राहत नाही, पण "मला आधीच कळलं होतं" हे प्रत्येकाला म्हणायचं असतं.

आम्ही पट्टी काढली. पण तेवढ्यावर भागलं नाही, चेहरेही बदलावे लागले. नटाचे क्लोज-अप कमी करून अभिनेत्रीचा थांबा पूर्ण ठेवला, आणि शेजारी बसलेला तिचा संघनायक टेबलाकडे बघत ओठ दाबतो, तो शॉट काढून टाकला. तो राहिला असता तर गुपित तिथेच फुटलं असतं. जागा भरायला कोणीतरी दुसऱ्या फेरीतलं मोठं हसू आणून लावायला सांगितलं. मी नकार दिला. उसनं हसू प्रेक्षकाला लगेच कळतं, आणि मग तो खऱ्या हसण्यावरही विश्वास ठेवत नाही.

त्याच भागात चित्रावरून शब्द ओळखायची फेरी होती. तिथे मात्र शब्द पहिल्या सेकंदापासून पडद्यावर ठेवला. चुकीच्या उत्तरांचीच गंमत असेल, तर बरोबर उत्तर आधी माहीत असायलाच हवं.