हवाईत समोरच्या बेटावर जायचं कसं?

माऊई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कानापालीच्या वाळूत बसलो होतो. डावीकडे लानाई, उजवीकडे मोलोकाई, दोन्ही बेटं अगदी स्पष्ट. आईचं बालपण कोकणात खाडीकाठी गेलेलं. ती म्हणाली, "एवढं जवळ आहे, तर उद्या तरीनं जाऊन येऊ की."

मलाही तसंच वाटलं होतं. जुन्या टिपणात माऊई-मोलोकाई बोटीचं वेळापत्रक उतरवून ठेवलं होतं. ती बोट २०१६ सालीच बंद झाली, हे तिथे पोचल्यावर कळलं आणि मोलोकाईचे दोन दिवस गेले. तेव्हा पहिली सूचना हीच: हवाईचा नकाशा पाहून बेत आखू नका, आज कोणती बोट नि कोणतं विमान चालू आहे ते पाहून आखा.

बोटी नाहीत असं का, हे कळलं ते काउआई बेटावर, नाविलीविली बंदरात. बंदराला लागूनच कालापाकीचा किनारा आहे. आम्ही गेलो तेव्हा लहान मुलं फळीवर उभं राहायला शिकत होती. २००७ च्या ऑगस्टमध्ये याच पाण्यात स्थानिक लोक सर्फच्या फळ्या नि होड्या घेऊन उतरले आणि 'हवाई सुपरफेरी' या बेटाबेटांत माणसं नि मोटारी नेणाऱ्या नव्या बोटीची वाट अडवून बसले. अलाकाई हे जहाजाचं नाव, अर्थ समुद्रवाट. साडेआठशेहून जास्त माणसं आणि २८२ मोटारी नेणारं हे जहाज पहिल्या दिवशी उशिरा का होईना, धक्क्याला लागलं. दुसऱ्या दिवशी मात्र ते बंदराच्या तोंडाशी येऊन होनोलुलूला परतलं. काउआईला पुन्हा ते कधी आलंच नाही.

लोकांचा राग बोटीवर नव्हता, घाईवर होता. हिवाळ्यात या समुद्रात हंपबॅक देवमासे पिल्लं घालायला येतात. एवढ्या वेगाचं जहाज त्यांना धडकलं तर काय? मोटारींबरोबर एका बेटावरची कीड नि तण दुसऱ्यावर गेलं तर? हे आधी तपासायला हवं होतं. पण सरकारनं बंदरांच्या कामाला पर्यावरण तपासणीतून सूट दिली. ती सूट चुकीची होती, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं फेरी सुरू व्हायच्या तीनच दिवस आधी सांगितलं. मग खास कायदा करून डिसेंबरमध्ये होनोलुलू ते माऊई एवढीच फेरी पुन्हा सुरू झाली. मार्च २००९ मध्ये तो कायदाही घटनाबाह्य ठरला, तीन दिवसांत शेवटची खेप झाली आणि मे महिन्यात कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. बंदरांवर राज्याचे सुमारे चार कोटी डॉलर खर्ची पडले होते. मला याचं फार वाईट वाटतं. तपासणी आधी झाली असती तर आज घरचं सामान गाडीत टाकून लोक नातेवाइकांकडे जात असते, असं मला मनापासून वाटतं. काउआईच्या लोकांचं मात्र काही चुकलं, असं त्या किनाऱ्यावर उभं राहून म्हणवत नाही.

अलाकाई पुढे अमेरिकी नौदलाकडे गेलं. आता तेच जहाज भाड्यानं घेऊन उन्हाळ्यात मेन राज्यातल्या बार हार्बरहून कॅनडातल्या यारमथला फेऱ्या करतात.

आता तुमच्या कामाचं. मोठ्या बेटांमध्ये विमानच. उड्डाण अर्ध्या-पाऊण तासाचं, पण गाडी परत करणं, विमानतळ, पुन्हा नवी गाडी यात अर्धा दिवस जातो. आठवड्यात दोनच बेटं घ्या. भाड्याची गाडी एका बेटावरून दुसऱ्यावर नेता येत नाही. गाड्या मालवाहू बार्जवरून जातात, पण त्यावर प्रवासी घेत नाहीत. मोलोकाईला जाणारी विमानं नऊ आसनांची. बसण्याआधी तुमचं नि सामानाचं वजन करतात, त्यामुळे सामान थोडकं ठेवा.

बेटाबेटांतली एकच नियमित प्रवासी बोट उरली आहे, माऊई ते लानाई. पूर्वी ती लाहायनाहून सुटे. ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात ते गाव नि बंदर जळालं, तेव्हापासून ती माआलाया बंदरातून निघते. जुन्या पत्त्यावर जाऊ नका. (लाहायनात जळक्या घरांसमोर फोटो काढू नका, ही हात जोडून विनंती.) तिकीट आधी काढा आणि सकाळची पहिली खेप घ्या, कारण दुपारी माआलायाला वारा फार सुटतो. बोट लागत असेल तर गोळी धक्क्यावरच घ्या. वरच्या डेकवर तोंडावर पाणी येतं, तरी डिसेंबर ते एप्रिलमध्ये तिथेच बसा. आम्हाला जाताना दोनदा देवमाशाचं शेपूट दिसलं, आणि आई उरलेला सगळा वेळ कठडा धरून उभी होती.

मानेले बंदरात उतरलं की हुलोपोए किनारा चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. गाडी लागत नाही. पाणी नि खाणं बरोबर न्या. पलीकडच्या टोकावर चढून पू पेहेचा सुळका पाहा, पण चप्पल नको, बूट हवेत. परतीची शेवटची बोट कधीची, ते उतरतानाच विचारून ठेवा. लानाईवर हॉटेलं मोजकी आहेत आणि एका रात्रीचं भाडं ऐकून आईनं वेळेच्या तासभर आधीच मला धक्क्यावर आणून बसवलं.