खोक्यावरचे लुमेन आणि रानातला उजेड

मागच्या नोंदीत तीन टॉर्चची तुलना अर्धवट राहिली होती, ती या वेळी पूर्ण करत आहे. आमच्या औसा (जि. लातूर) भागात टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि तिच्या आतल्या सेललाही बॅटरीच म्हणतात. त्यामुळे गोंधळ नको म्हणून या नोंदीत टॉर्च आणि सेल असे दोन वेगळे शब्द वापरले आहेत. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड.

चाचणीसाठी 'वेळ अमावास्या' या आमच्याकडच्या सणाची रात्र निवडली, कारण चांदणे नसते आणि त्या दिवशी सगळे घर रानातच असते. आंबिल आणि भज्जीचे जेवण झाले, संध्याकाळी कडब्याची पेटती पेंढी घेऊन गहू-हरभऱ्याभोवती फेरी झाली, तेव्हा पुतण्याने विचारले, "काका, ह्या पेंढीचं लुमेन किती भरतंय?" लक्समीटर, म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड लक्समध्ये मोजणारे यंत्र, पिशवीतून काढेपर्यंत पेंढी विझली होती.

पहिला टॉर्च आठवडी बाजारातला होता. त्याच्या खोक्यावर एक लाख लुमेन आणि 1000 मीटर असे छापलेले होते. पाच मीटरवर लक्समीटरने 620 लक्स दाखवले. अंतराचा वर्ग 25, म्हणून 620 गुणिले 25, म्हणजे 15,500 कँडेला; ही झोताची तीव्रता. एएनएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या, टॉर्चसाठीच्या एफएल 1 मानकानुसार झोताचा पल्ला म्हणजे जिथे उजेड 0.25 लक्सवर, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो ते अंतर. कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट केली की ते मीटरमध्ये मिळते. इथे ते 249 मीटर भरले. हजार मीटरसाठी अडीच लाख कँडेला लागले असते. शिवाय चांदण्याएवढ्या उजेडात उभे काय आणि आडवे काय एवढेच कळते, म्हणून छापील पल्ला खरा असला तरी मी त्याचा निम्माच कामाचा धरतो.

लुमेनचा दावा तर मीटर न लावताही तपासता येतो. चांगल्या 21700 सेलमध्ये (21 मिमी जाड, 70 मिमी लांब) सुमारे 5000 एमएएच (सेलच्या साठवणीचे माप), म्हणजे 3.6 व्होल्टने गुणल्यास 18 वॅट-तास ऊर्जा मावते. एका वॅटला शंभर लुमेन असा ढोबळ हिशेब धरला, तर हजार लुमेनला दहा वॅट लागतात आणि सेल पावणेदोन तासांत रिकामा होतो. लाख लुमेनला हजार वॅट लागतील, आणि तेवढ्यावर आमच्याकडे सव्वा अश्वशक्तीची मोटार चालते! त्या टॉर्चमधल्या थोड्या लहान 18650 सेलवर 9900 एमएएच लिहिलेले होते. या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपासच मावतात. सेल हातात हलका लागला म्हणून सोनाराच्या काट्यावर ठेवला, तर 31 ग्रॅम भरला. चांगला 18650 सेल 45 ग्रॅमच्या आसपास असतो. सोनाराने तो उलटसुलट करून पाहिला आणि "मोडीत सुद्धा जाणार नाही" एवढेच म्हणाला.

दुसरा टॉर्च झोताचा आहे: एसएफटी40 नावाचा एलईडी, खोल आणि गुळगुळीत परावर्तक, एक 21700 सेल. अशा टॉर्चचा झोत पाच मीटरवर अजून नीट बांधला गेलेला नसतो, म्हणून मोजणी दहा मीटरवर केली. 900 लक्स आले. शंभराने गुणले की 90,000 कँडेला, म्हणजे 600 मीटर पल्ला. विहिरीवर उभे राहून उसाच्या पलीकडच्या धुऱ्यावर रानडुकरे आहेत की कुत्री, हे त्यात ओळखू येते. मात्र पूर्ण शक्तीवर काही मिनिटांतच अंग हाताला चटका बसण्याइतके तापते आणि उष्णता आवरण्यासाठी टॉर्च स्वतःहून उजेड उतरवतो. ही मला त्रुटी वाटत नाही. पाव किलोच्या ॲल्युमिनियमने यापेक्षा जास्त उष्णता टाकावी तरी कुठे? म्हणून विकत घेताना मी कमाल आकड्यापेक्षा अर्ध्या तासानंतर किती उजेड टिकतो याचा आलेख आधी पाहतो, कारण मानकातला चालण्याचा वेळ उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात आणि छापलेल्या चार तासांतले तीन तास मिणमिणते असू शकतात.

तिसरा टॉर्च काटकोनी डोक्याचा आणि कपाळाला बांधायचा आहे. त्यात निचियाचा 519ए एलईडी आहे, रंगतापमान, म्हणजे उजेडाची पिवळसर-निळसर छटा, 4500 केल्विन आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, नव्वदच्या वर. याला झोत जवळपास नाहीच. मात्र माझा कल हळूहळू याच्याकडे झुकला आहे. तुरीच्या वाळक्या पाल्यात सुंभाचा एक तुकडा टाकून पुतण्याला आठ पावलांवरून शोधायला लावला. झोताच्या निळसर पांढऱ्या उजेडात पाला, माती आणि सुंभ सगळे एकाच राखाडी रंगाचे झाले आणि तो सुंभावरून पुढे निघून गेला. जागा बदलून 519ए लावला, तेव्हा त्याने लगेच बोट दाखवले. एका सुंभावरून घोणस दिसेलच असा निष्कर्ष मी काढणार नाही, पण रात्रीच्या दाऱ्यावर, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायला मी आता हाच नेतो.

आमची जमीन काळी आहे, आणि पाणी प्यायलेली काळी माती उजेड अक्षरशः गिळते. घरातल्या पांढऱ्या भिंतीवर दिपवणारा टॉर्च ओल्या सरीत केविलवाणा दिसतो. त्यातच कपाळावरचा उजेड डोळ्यांच्या रेषेतच पडतो, त्यामुळे सावल्या दिसत नाहीत आणि थंडीतली स्वतःची वाफ नाकासमोर पांढरी होते. दारे धरताना दोन्ही हात खोऱ्याला हवेत, म्हणून टॉर्च हातात घेण्याचीही सोय नाही. शेवटी पट्टा सैल करून मी तो कमरेला बांधला. उजेड तिरपा पडू लागला, प्रत्येक ढेकळामागे लांब सावली उमटली आणि पाणी सरीत कुठे फुटले आहे ते वीस पावलांवरून कळू लागले.

एक नुकसानही नोंदवतो. झोताचा टॉर्च पाटात पडला आणि आत पाणी गेले. आयपीएक्स8 (बुडाला तरी आत पाणी न जाण्याची खूण) खरे असते, पण मागचे झाकण लावताना मी ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, चिमटवली होती. सेल काढून टॉर्च दोन दिवस सुकवला, आटे स्पिरिटने पुसले, नवी रिंग सिलिकॉन ग्रीस लावून बसवली आणि तो सुरू झाला. परावर्तकावर मात्र एक पांढरट डाग राहिला आहे. दहा मीटरवर आता 840 लक्स येतात.

येत्या आठवड्यात आमच्या शेतीच्या वीज फीडरला रात्रीची पाळी आहे. कमरेच्या पट्ट्याला खोबण शिवून घेतली आहे. खोरे मारताना टॉर्च खाली घसरतो की नाही, ते तेव्हा कळेल.