लाल डोळा, पण साथीचा नव्हे

पावसाळ्यात म्हापशाच्या ओपीडीत लाल डोळ्यांना तोटा नसतो. पेडण्याच्या या काकीही साथीचेच डोळे आले समजून चवथ आटपेपर्यंत थांबल्या. पण चिपडं नव्हती, लाली एकाच डोळ्यात, आणि ठणका असा की रात्री झोपेतून उठवतो, कानशिलात नि जबड्यात उतरतो. साथीत डोळा खुपतो, चिकटतो. असा ठणकत नाही. मी हात पुढे करायला सांगितले. बोटं करंगळीकडे कललेली. रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे अंगाची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात, जुना. सांधे दुखायचे थांबले म्हणून गोळ्या बंद.

आधी त्यांना खिडकीपाशी नेलं. स्क्लेराची (डोळ्याच्या पांढऱ्या कवचाची) जांभळट झाक स्लिट लॅम्पपेक्षा, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकापेक्षा, दिवसाच्या उजेडात नीट कळते. अश्रू किती येतात हे मोजणारी शिर्मरची कागदी पट्टी थेंब घालण्यापूर्वीच लावायची. ती चांगल्या डोळ्यात लावली. पाच मिनिटांत जेमतेम 3 मिमी भिजली (5च्या खाली म्हणजे डोळा फारच कोरडा). मग लाल डोळ्यात फेनिलेफ्रिन, वरवरच्या रक्तवाहिन्या आकसवणारे थेंब. दहा-पंधरा मिनिटांनी वरच्या रक्तवाहिन्या फिकटल्या, खोलवरची लाली तशीच. म्हणजे स्क्लेरायटिस, त्या पांढऱ्या कवचाचीच सूज. जखम दाखवणारा फ्लुरोसिन रंग लावून निळ्या उजेडात पाहिलं तर बुबुळाच्या (कॉर्नियाच्या) कडेला हिरवी चंद्रकोर, म्हणजे जखम, आणि तिथली जाडी निम्म्यावर आलेली.

बुबुळाला रक्तवाहिन्या नसतात; त्या कडेशीच संपतात. या आजारात तिथे इम्यून कॉम्प्लेक्स (प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांचे पुंजके) साचतात, पांढऱ्या पेशी जमतात आणि त्यांची एन्झाइम्स बुबुळ ज्याचं बनलंय ते कोलॅजन विरघळवतात. त्यात पिशवीतून निघाली फार्मसीतून मागून आणलेली डायक्लोफेनॅकच्या (वेदनाशामक) थेंबांची बाटली. कोरड्या, जखमी बुबुळावर हे थेंब झीज वाढवू शकतात. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंबही इथे घातकच, जखम भरू देत नाहीत. बाटली काढून घेतली.

जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहायला जखमेचा नमुना घेतला, डोळ्यावर कडक शील्ड लावलं, चोळायचं नाही म्हणून बजावलं आणि त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) धाडलं. अशी जखम म्हणजे अंगातल्या रक्तवाहिन्यांनाही सूज असू शकते, आणि ती जिवावर बेतते. सांधे गप्प आहेत यावर विसंबू नये. टीबी आणि कावीळ बी-सीच्या तपासण्या करून शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन (हेही स्टेरॉइडच, पण थेंब नव्हे, अंगभर जाणारं), रोज 1 ग्रॅम, तीन दिवस. पुढे मेथोट्रेक्सेट, प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी, आठवड्यातून एकदाच. ती रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, म्हणून वार चिठ्ठीवर ठळक लिहायचा. डोळ्यात फक्त प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूथेंब. बुबुळ फुटायच्या बेतात आलंच तर सायनोअॅक्रिलेट ग्लू (जखम बुजवणारा गोंद) आणि वर बँडेज लेन्स.

संधिवाताच्या गोळ्या सुटल्या त्याला दुसरंही कारण होतं. "त्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विननं डोळे जातात म्हणतात, म्हणून मीच बंद करायला लावली," मुलगा म्हणाला. डोळ्याच्या पडद्याला (रेटिनाला) धोका आहे, पण तो मात्रेवर आणि वर्षांवर ठरतो. दर किलो वजनामागे रोज 5 मिग्रॅच्या आत, पहिल्या वर्षात एकदा पडदा तपासणी, पाच वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी (पडद्याचं स्कॅन) आणि फील्ड (नजरेच्या आवाक्याची तपासणी); मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याआधीच. काकींचं वजन 44 किलो. म्हणजे रोज 200 मिग्रॅची एक गोळी. जुन्या चिठ्ठीवर दोन होत्या.